भूपातला तीव्र मध्यम

ग्वाल्हेरला गाणं ऐकायला जावं, किल्ला बघायला जावं, बहादुराच्या दुकानातले बुंदीचे लाडू खायला तर जावंच जावं. हौशी सिनेमावाल्याचा हमाल म्हणून मात्र जाऊ नये.

माझा मेहुणा आठवडाभर पुण्यात बँकेत बसतो आणि शनिवार-रविवार माहितीपट काढतो. डिसेंबरात त्यानं जाहीर केलं, की ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या काकांचं गाणं चित्रित करून ठेवायचं. गोवा एक्स्प्रेसमध्ये बाकीचे प्रवासी पाकीट उशाखाली घेऊन झोपले, आम्ही बॅटऱ्या घेऊन.

आधी किल्ला. गावाच्या डोक्यावर शंभरेक मीटर उंच, आणि वारा असा की मानमंदिराच्या निळ्या फरश्यांवरच्या पिवळ्या बदकांनाही हुडहुडी भरावी. माणसाला गार लागणारी साधी झुळूक माइकच्या पडद्याला मात्र थपडा मारते, आणि ती धबडधबड नंतर निपटून काढता येत नाही, कारण ती बोलण्याच्याच उरावर बसलेली असते. माइकला केसाळ टोपी घालणं हा त्यावरचा इलाज. ती टोपी पुण्यात कपाटात होती. तेव्हा माझी माकडटोपी माइकला गेली आणि मी उघड्या डोक्यानं राजा मानसिंह तोमराचं कर्तृत्व ऐकत उभा राहिलो. पहारेकरी बराच वेळ बघत होता. शेवटी न राहवून म्हणाला, "भाईसाहब, इसे भी ठंड लगती है?"

महंमद घौस यांच्या मकबऱ्यावर वारा नव्हता, जाळी होती. दगडातली नक्षी इतकी बारीक, की तिचं आणि कॅमेऱ्यातल्या ठिपक्यांच्या ओळींचं गणित जुळेना, आणि पडद्यावर सबंध भिंत रंगीत लाटांनी वळवळू लागली. याला मोआरे म्हणतात. यावर दोन पावलं मागं सरकायचं किंवा कोन बदलायचा. मेहुणा मागंपुढं करत राहिला तोवर मी शेजारी तानसेनाच्या कबरीपाशी बसलो. इथल्या चिंचेचा पाला चघळला की गळा गोड होतो म्हणतात. मेहुण्यानं पाला मिळवला, स्वतः चघळला, मला दिला आणि चिमूटभर रेकॉर्डरच्या पिशवीत टाकला.

लष्कर म्हणजे मुळात दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ. फौज गेली, वाडे राहिले, वाड्यांतून मराठी राहिली. काका तरुणपणी शंकर गांधर्व महाविद्यालयात शिकले. कृष्णराव शंकर पंडितांनी १९१४ साली काढलेलं ते. आल्या पाहुण्याला काका हद्दू-हस्सू खाँची गोष्ट सांगतात. दोघा भावांनी शिंद्यांच्या दरबारी पडद्याआड बसून बडे महंमद खाँची गायकी चोरून ऐकली आणि मग भर दरबारात जशीच्या तशी गाऊन दाखवली. "बॅटरी नाही, वायर नाही," काका म्हणाले, आणि आमच्या वायरींच्या गुंत्यावरून पाय उचलून पलीकडे गेले. "बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरही इथनं गळ्यात घालूनच घेऊन गेले. पेटीबिटी काही नव्हती."

काकांचा स्वर काळी एक. लावला भूप. चार सुरांतच थांबले. "मध्यम कोण धरून बसलंय?"

भूपात मध्यम औषधालाही नसतो. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० हेलकावे खाते. मोटारी आणि ट्रान्सफॉर्मर त्याच्या पटीत गुणगुणतात, आणि काळी एकच्या हिशेबात तो सूर तीव्र मध्यमापाशी पडतो, तोही जरा चढा. मेहुण्यानं फ्रिज बंद केला.

"दूध फाटून जाईल हं," काकू आतून म्हणाल्या.

काकांना आता शांत वाटलं. हेडफोनमध्ये मात्र मध्यम चालूच. हा फ्रिजचा नव्हे, लॅपटॉपच्या चार्जरमधून रेकॉर्डरपर्यंत वायरीवाटे आलेला. मेहुण्यानं वायर उपसली, मध्यम गेला, रेकॉर्डर स्वतःच्या सेलवर चालू लागला. ते सेल सकाळी किल्ल्यावर थंडी खाऊन आलेले होते. काकांनी वीस मिनिटं झक्कास गायलं, नमस्कार केला आणि त्याच क्षणी रेकॉर्डरनंही डोळे मिटले.

रात्री फाइल उघडेना. मेहुण्याचा चेहरा बघवेना. पण असल्या फाइलीत आवाज बहुधा शाबूत असतो. डोक्यावरची माहितीची चिठ्ठी तेवढी पुरी व्हायची राहते. किती वेगानं वाचायचं, किती बिटांत, एका वाहिनीत की दोन, हे सगळं मग अंदाजानं भरावं लागतं. बिट चुकले तेव्हा नुसती खरखर आली. दोन वाहिन्यांची एक केली तेव्हा काका सप्तकभर खाली उतरून अर्ध्या गतीनं गाऊ लागले, आणि शेजारच्या वाड्यातलं कुत्रं भुंकलं. मग सगळं जमलं, फक्त ४४.१ ऐवजी ४८ किलोहर्ट्झ पडलं. काळी एकची गाडी पांढरी दोन आणि काळी दोनच्या मधोमध जाऊन थांबली, वीस मिनिटांचं गाणं साडेअठरा मिनिटांच्या आत उरकलं, आणि चित्रात काका तोंड उघडून तान घेत असताना आवाजातले काका नमस्कार करून मोकळे!

तेही दुरुस्त झालं. ओठ आणि सूर जुळले. इथं थांबावं की नाही? पण मेहुण्याला मागची किंचित घरघर खुपत होती. घरघर काढणाऱ्या सॉफ्टवेअरला आधी घरघरीचा नमुना दाखवावा लागतो, जिथं गाणं नाही असा तुकडा. त्यानं सुरुवातीचे काही सेकंद दाखवले. तिथं नुसता तंबोरा होता. यंत्रानं इमानदारीत सबंध गाण्यातून तंबोरा वेचून टाकला. एकसारखं वाजतं ते सगळं त्याच्या लेखी घरघर. दीडशे वर्षांच्या ध्वनिमुद्रणाच्या प्रगतीनं एवढं शहाणपण मिळवलंय. मेहुण्यानं निमूटपणे पायरी मागं घेतली.

सकाळी चहाबरोबर काकांना ऐकवायला त्यानं फाइल लावली, ती नेमकी ४८ वाली. काका कप खाली ठेवून ऐकू लागले. चढा स्वर, पळती तान. डोळे लकाकले.

"हीच ठेव," काका म्हणाले. "चाळिशीत असाच लागायचा आवाज."

"काका, ही चुकीची आहे. वेग—"

"ग्वाल्हेरच्या माणसाला वेग शिकवू नकोस."

"ठेवा, ठेवा," काकू बेडईचं ताट घेऊन आल्या. "मग चित्रातले केसही काळे करायला सांगा त्याला."

मेहुण्यानं लॅपटॉप पुढ्यात ओढला आणि काकांना खिडकीजवळ, उजेडात बसायला सांगितलं.