खरा माणूस येगळाच हुता

कोल्हापुरात दर पेठेला एक तालीम, एक गणपती आणि एक अण्णा असतात. तालमीचं नाव कमानीवर असतं, गणपतीचं पावती पुस्तकावर. अण्णांचं नाव कुठंच लिहिलेलं नसतं, पण पत्ता विचारला तर पेठेतलं शेंबडं पोरगंही घरापर्यंत सोडायला येतं. वय सत्तरीच्या अलीकडं-पलीकडं, कुठल्याशा कचेरीतून हेडक्लार्क म्हणून सुटका झालेली, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि काखेत रेक्झिनची पिशवी. सकाळी तालमीच्या कट्ट्यावर, संध्याकाळी चहाच्या गाड्यावर, आणि मधल्या वेळात गावात ज्याची मयत असेल त्याच्या दारात.

अण्णांचं काम एकच. नाव न झालेल्या माणसांची नावं लक्षात ठेवायची. या कामावर त्यांना कुणी नेमलेलं नाही आणि त्यातून त्यांना निवृत्तीही नाही. तुम्ही कुठल्याही मोठ्या माणसाचा विषय काढा. अण्णा आधी मान डोलावतात, "मोठाच माणूस," म्हणतात, बशीतला चहा संपवतात आणि बशी खाली ठेवता ठेवता म्हणतात, "पण खरा माणूस येगळाच हुता."

मग तुमचा अर्धा तास गेला.

पाहुण्यांना गाव दाखवायला निघताना अण्णांना बरोबर घेऊ नये. अंबाबाईचं दर्शन नीट होतं, पण खरी कॉर्नरला कॅमेऱ्याच्या स्तंभापाशी आलं की गाडी अडते. पाहुणा पुण्याचा असला तर विचारूच नका. तो आपली माहिती सांगायला जातो, "हे बाबूराव पेंटर ना? टिळकांनी ज्यांना सिनेमा केसरी म्हटलं ते?"

"हुतेच की," अण्णा म्हणतात. "आणि आनंदराव?"

पाहुण्याला आनंदराव ठाऊक नसतात. अण्णांना एवढा आनंद पेन्शन जमा झाल्यावरही होत नाही. मग भर रस्त्यात, रिक्षावाल्यांच्या हॉर्नवर आवाज चढवून आनंदराव सुरू होतात. आनंदराव आणि बाबूराव, मूळचे मेस्त्री, एकमेकांचे चुलतभाऊ. दोघं मिळून नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. सिनेमा पाहिला आणि दोघांच्याही डोक्यात एकच खूळ शिरलं, की कॅमेरा विकत कशाला, आपणच करू. खटपट सुरू असतानाच १९१६ मध्ये आनंदराव गेले. पुढं बाबूरावांनी कॅमेरा पुरा केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणला. शांताराम, दामले, फत्तेलाल ही सगळी मंडळी त्याच कंपनीत तयार झाली आणि त्यांनीच पुढं प्रभात उभी केली. हे सगळं पाहुण्याला पाठ असतं. अण्णा ते भरभर उरकतात आणि एकदम थांबून विचारतात, "सैरंध्रीतला कीचक कोण हुता, सांगा बघू."

पाहुणा घड्याळाकडं बघतो.

"झुंझारराव पवार! आणि भीम बाळासाहेब यादव. भीमानं मुंडकं उडवलं तवा थेटरात बायामाणसं किंचाळली. टाळ्या पडल्या भीमाला. पण मुंडकं कुणाचं गेलं?"

अण्णांच्या इतिहासाची सगळी बांधणी ही अशी आहे. घटना तीच, साल तेच, बोट मात्र फोटोच्या कडेला उभ्या असलेल्या माणसावर. शाहू महाराजांच्या चहाची गोष्ट कोल्हापुरात कुणाला माहीत नाही? पाण्याला हात लावला म्हणून मार खाल्लेल्या गंगाराम कांबळेंना महाराजांनी हॉटेल काढून दिलं, आणि ते स्वतः गाडी थांबवून तिथं चहा घ्यायचे. व्याख्यानांत ही गोष्ट महाराजांनी कप तोंडाला लावला की संपते आणि टाळ्या पडतात. अण्णा पहिल्या रांगेतून हात वर करतात. "चहा पिणाऱ्याचं सांगितलंसा. करणाऱ्याचं सांगा की. रोज पहाटे उठून, गिऱ्हाईक येईल का न्हाई ठाऊक नसताना आधण ठेवायचं म्हंजे काय चेष्टा हाय?" वक्त्याकडं उत्तर नसतं. खरं तर अण्णांचा हा प्रश्न अख्ख्या व्याख्यानापेक्षा वजनदार असतो, पण तोवर आभार मानायला सुरुवात झालेली असते.

त्यांची ती रेक्झिनची पिशवी एकदा आतून बघायला मिळाली. वर्तमानपत्रांची कात्रणं जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठीमागं खळीनं चिकटवलेली. एकीकडं 'आमच्या येथे श्रीकृपेकरून', दुसरीकडं कुणा पैलवानाची निधनवार्ता, आणि कात्रण जिथं उचकटलंय तिथं मागून बेंटेक्स दागिन्यांची जाहिरात डोकावणार. कात्रणावर निळ्या शाईत अण्णांच्या दुरुस्त्या. 'वृद्धापकाळाने निधन' याखाली रेघ, आणि शेजारी: 'आणि उपेक्षेने'. हेडक्लार्कचा हात, मोठ्या साहेबांच्या टिपणीखाली आपली टीप घातल्याशिवाय फाइल पुढं सरकू द्यायची नाही.

नवा माणूस भेटला की अण्णा त्याची परीक्षा घेतात. आडनाव कुठलं, पेठ कुठली, आजोबा कुठल्या तालमीचे. पेठ चुकली तर चालते. तालीम सांगता आली नाही तर माणूस उपरा. आणि आडनाव जुळलं की तुमच्या आजोबांबद्दल तुम्हालाच माहीत नसलेलं काहीतरी त्या पिशवीतून निघतं. कर्जाच्या कागदांवर सही घ्यायला गेलेल्या अण्णांनी एका बँकेतल्या तरुण साहेबाला सांगितलं, की तुझे आजोबा फुटबॉलला गोलकीपर होते, सबंध सीझन बाकावर बसले, आणि ज्या दिवशी मैदानात उतरायची वेळ आली त्या दिवशी मॅच पावसानं रद्द झाली. साहेबाचे डोळे भरून आले. कर्ज मात्र झालं नाही.

शाहू स्टेडियमवरही हेच. पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळाची फुटबॉल मॅच म्हणजे गॅलरीत उभं राहायला जागा नसते, हलगी कडाडत असते, गोल झाला की शेजारचा अनोळखी माणूस तुम्हाला उचलून घेतो. अण्णा पाठ फिरवून राखीव खेळाडूंच्या बाकाकडं बघत असतात. "त्यो डाव्या अंगाचा पोरगा बघा. पायात काय खेळ हाय त्याच्या!" तो पोरगा त्या वेळी बुटाची नाडी बांधत असतो.

अण्णांचं सगळ्यांत जुनं प्रेम म्हणजे खाशाबा जाधव. गाव कराडजवळचं गोळेश्वर, पण शिकायला राजाराम कॉलेजात होते म्हणून अण्णांच्या सातबाऱ्यावर ते कोल्हापूरचे. १९५२ला हेलसिंकीत कुस्तीचं कांस्य, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. १९८४ मध्ये अपघातात मृत्यू. अर्जुन पुरस्कार मिळाला तोही मरणोत्तर. एवढी मोठी उपेक्षा अण्णांना दुसरीकडं कुठं मिळणार? वर्षानुवर्षं त्यांनी खाशाबा लावून धरले. पत्रं लिहिली, सभांत उठून उभे राहिले, एका मंत्र्याची गाडी अडवताना चप्पल गमावली. मग दिवस फिरले. दिल्लीतल्या कुस्तीच्या स्टेडियमला खाशाबांचं नाव लागलं. नागराज मंजुळ्यांचा पिक्चर येणार म्हणून गावभर झालं. आणि २०२३च्या जानेवारीत जयंतीच्या दिवशी गूगलनं पहिल्या पानावर खाशाबांचं चित्र लावलं. तालमीतली पोरं मोबाइल घेऊन पळत आली, "अण्णा, बघा, सगळ्या जगात खाशाबा!"

अण्णांनी मोबाइल लांब धरून बघितला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा बघितला.

"झालं," ते म्हणाले. "आता त्यास्नी माझी गरज न्हाई."

मुलगी सासरी जाताना बाप जे तोंड करतो ते तोंड करून अण्णा घरी गेले. दुसऱ्या दिवशी खाशाबांची कात्रणं पिशवीच्या तळाला गेली होती आणि वर आले होते प्राचार्य खर्डेकर. राजाराम कॉलेजच्या या प्राचार्यांनी खाशाबांना हेलसिंकीला पाठवायला घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. त्याच साली ते स्वतः अपक्ष म्हणून पहिल्या लोकसभेत निवडून गेले. "पदक दिसतंय सगळ्यास्नी. गहाणखत कुणी बघितलंय?" आठवडाभर हे चाललं. पण एक तर बॅरिस्टर, त्यात खासदार. अण्णांच्या कसोटीला ते जरा जास्तच मोठे पडत होते. आणखी खाली उतरायला हवं होतं.

तिथं त्यांना केशव माणगावे सापडले.

हेही कोल्हापूरचेच पैलवान, त्याच १९५२च्या हेलसिंकीत, फेदरवेट गटात. नंबर चौथा. चौथा! अण्णांच्या अंगात वारं संचारलं. तिसरा आलेल्याला निदान मरणोत्तर काहीतरी मिळतं. सहावा-सातवा आला तर माणूस 'खेळलो, झालं' म्हणून झोपी जातो. पण चौथ्याचं काय? त्याला पदकाचा रंग दिसेल एवढ्या जवळ नेऊन परत पाठवलेलं. गावाच्या आठवणीत एका हेलसिंकीला एकच माणूस मावला. चौथा नंबर हा अण्णांच्या तत्त्वज्ञानाचा कळस आहे, आणि त्या दिवसापासून ते कुठलाही निकाल वाचायला सुरुवात करतात ती चौथ्या ओळीपासून.

याला अपवाद एकच, भाऊसाहेब निंबाळकर, कारण त्यांना नंबरच नाही. कोल्हापुरात १९१९ मध्ये जन्म, कोल्हापुरातच २०१२ मध्ये शेवट, त्र्याण्णवाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. मधल्या काळात, १९४८च्या डिसेंबरात, पुण्याला रणजी सामन्यात महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३. कमल भांडारकरांबरोबर दुसऱ्या विकेटला ४५५. ब्रॅडमनचा विक्रम तेव्हा ४५२चा. दहा धावा झाल्या की जगात पहिला नंबर. आणि मधल्या सुट्टीत काठियावाडचे कप्तान, राजकोटचे ठाकूरसाहेब, म्हणाले की पुरे झालं, डाव सोडा, नाहीतर आम्ही चाललो. महाराष्ट्राच्या तेव्हा चार बाद ८२६ झाल्या होत्या. डाव काही सोडला नाही. ठाकूरसाहेबांनी सामान बांधलं. निंबाळकर कसोटी सामना एकही खेळले नाहीत.

ही गोष्ट अण्णा लग्नात सांगतात, आणि नेमकी जेवणाच्या पंगतीआधी. तांबड्या-पांढऱ्याचा वास मांडवात सुटलेला असतो, माणसं ताटाकडं सरकत असतात, आणि अण्णा वाटेत हात आडवा घालून उभे. "दहा रन! फक्त दहा! आणि म्हणं आम्ही जातो!" भुकेजलेल्या वऱ्हाडातला एक जण एकदा कळवळून म्हणाला, "अण्णा, त्या ठाकूरसाहेबांलाबी भूक लागली आसंल हो." त्याच्याशी अण्णांनी पुढं बोलणं ठेवलं नाही.

अण्णांच्या घरात मात्र अण्णांचं चालत नाही. काकू गावातल्या निम्म्या उपेक्षितांना चहा करून थकलेल्या. म्हणजे त्यांच्या वारसांना. एका संध्याकाळी झुंझाररावांचं मुंडकं तिसऱ्यांदा उडत असताना त्या आतूनच म्हणाल्या, "त्या सैरंध्रीत बायका कोण हुत्या, ते घ्या की नाव कवातरी."

अण्णा गप्प.

"गुलाबबाई आणि अनसूयाबाई. चांगल्या घरातल्या बायकांनी तोंडाला रंग लावायचा न्हाई असा काळ. पडद्यावर नावं पण त्यांची लावली न्हाईत, कमलादेवी आणि सुशीलादेवी केलं. तुमच्या पिशवीत एक तरी बाईमाणूस हाय का?"

नव्हतं. अख्ख्या पिशवीत नव्हतं. मंगळवार पेठेपासून रंकाळ्यापर्यंत विसरलेल्यांचा जो एवढा मोठा दरबार अण्णांनी भरवला होता, त्यात सगळ्या मिशाच. अण्णांना त्या रात्री जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कट्ट्यावर ते म्हणाले, "सैरंध्रीतली खरी माणसं येगळीच हुती. गुलाबबाई आणि अनसूयाबाई. लई अभ्यासानं शोधून काढलंय मी." काकूंचं नाव काही त्यांनी घेतलं नाही.

मग २०२४चा ऑगस्ट आला. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला नेमबाजीत कांस्य आणलं. खाशाबांनंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या माणसाला वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मिरवणुकीला सगळं गाव रस्त्यावर. गुलाल, हलगी, लेझीम, बाल्कन्यांतून फुलं, 'नाद खुळा'च्या आरोळ्या. अण्णाही आले होते, फेटा बांधून. गर्दीत नाचलेही थोडे. कुठल्याशा चॅनेलच्या पोरीनं वयस्कर माणूस बघून माइक पुढं केला, "आजोबा, काय वाटतंय?"

"लई भारी वाटतंय," अण्णा म्हणाले. "चौथा कोण आला?"

पोरीनं माइक शेजारच्या माणसाकडं वळवला. पण अण्णांच्या डोक्यात किडा वळवळू लागला होता. त्यांनी नातवाला कोपऱ्यात ओढलं, मोबाइल काढायला लावला. हलगीच्या आवाजात नातू ओरडून ओरडून सांगू लागला, की चौथा चेक देशाचा, नाव यिरी प्रिव्रात्स्की. अण्णांनी पिशवीतून लग्नपत्रिका काढली, नातवाच्या पाठीवर ठेवली आणि ते नाव उतरवून घ्यायला लागले. तीनदा खोडलं. गुलालाचं एक बोट कागदावर उमटलं. शेवटी कसंबसं आडनाव कागदावर बसलं, अण्णांनी खाली रेघ मारली आणि पेनाचं टोपण तोंडात धरून विचारलं,

"बरं, तालीम कुठली म्हणाला त्याची?"