भन्सारची खिडकी

आपली गाडी नेपाळात न्यायची, तर भारतातला विमा तिथे आपोआप लागू होत नाही. जादा हप्ता भरून तो वाढवून घ्यावा लागतो. ज्या देशांसाठी असा वाढवून मिळतो त्यांची यादी एजंटाने आमच्यापुढे सरकवली : नेपाळ, भूतान, बांगलादेश, पाकिस्तान, श्रीलंका आणि मालदीव. ह्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"मालदीवला गाडीने जायचं कसं?"

"काका, तुम्ही हप्ता भरा. जाणार कसे ते कंपनी विचारत नाही."

हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, मी पोस्टातून. ह्यांचा जन्म पाणी कुठून कुठे जातं ते बघण्यात गेला आणि माझा खिडकीआड बसून लोकांचे फॉर्म परत करण्यात. 'इथे सही राहिली', 'पिनकोड कुठाय', 'उद्या या' ही वाक्यं मी झोपेतही म्हणते, अशी घरात तक्रार आहे. मुलाने विमानाची तिकिटं काढून देतो म्हणून पाहिलं. पण साताऱ्याहून नेपाळपर्यंतचा कालवा ह्यांच्या डोक्यात केव्हाच खोदून झाला होता, फक्त पाणी सोडायचं राहिलं होतं.

२०२४ ची दिवाळी आटोपताच निघालो. चकलीच्या डब्याशेजारी तसाच दुसरा डबा, त्यात शंभराच्या नोटा. शंभरापेक्षा मोठी भारतीय नोट तेव्हा नेपाळात चालत नव्हती. बँकेतल्या मुलीने गड्ड्या देताना "काकू, लग्न आहे का घरात?" असं विचारलं होतं. समृद्धी महामार्गावर ह्यांनी गाडी ऐंशीच्या वर नेली नाही, त्यामुळे आख्खा विदर्भ आम्हाला मागे टाकून नागपूरला पोचला. पुढे पेंचच्या जंगलात वाघांना खालून जाता यावं म्हणून रस्ताच उचलून घेतलाय, तो ह्यांनी थांबून बघायचा हट्ट धरला. तिथे थांबायला मनाई आहे. जबलपूर, रेवा, प्रयागराज, गोरखपूर हे सगळं धूळ, चहा आणि "अहो, ट्रक!" एवढ्यात आटोपलं.

सोनौलीला मात्र सगळंच थांबतं. मालट्रकांची रांग गावाबाहेरूनच सुरू होते. त्यात छठपूजा तोंडावर आलेली, त्यामुळे ट्रकांच्या फटीतून उसाच्या मोळ्या आणि केळीचे घड डोक्यावर घेतलेली माणसं ये-जा करत होती. त्यांना कुणी काही विचारत नव्हतं. विचारायचं ते आम्हालाच.

भारतीयांना नेपाळचा व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र पुरतं. पासष्टी उलटली असेल तर आधारसुद्धा चालतं. हे अडुसष्ट, मी बासष्ट. सशस्त्र सीमा बलाच्या जवानाने ह्यांचं आधार पाहून सलाम ठोकल्यासारखी मान हलवली आणि मला म्हणाला, "मॅडम, आप तो अभी छोटी हैं, वोटर कार्ड दिखाइए." इतकी वर्षं संसार केला, पण मला लहान म्हणणारा भेटला तो थेट देशाच्या टोकाला. हे त्यानंतर बराच वेळ गप्प होते.

कमान ओलांडली की बेलहिया, आणि तिथे भन्सार. भन्सार म्हणजे जकात कचेरी. गाडीचे जितके दिवस, तितक्या दिवसांचे पैसे आधी भरायचे. दारातच तीन-चार पोरांनी गराडा घातला : "अंकल, पाच मिनट में करा देंगे." हे खिशात हात घालणार, तोच मी फाइल काढली. आरसी, लायसन्स, विमा, सगळ्याच्या झेरॉक्स, स्वतःच्या सहीच्या. मध्यस्थाकरवी फॉर्म भरून आलेल्या माणसाकडे खिडकीतून कसं बघतात, ते मला चांगलं ठाऊक आहे.

खिडकीत एक चाळिशीचे गृहस्थ होते. माझी नजर आधी शिक्क्याकडे गेली. पॅड सुकलेलं. ते शिक्का दोनदा दाबत, एकदा तोंडाने वाफ देत, मग कागदावर हाणत, आणि उमटे तो अर्धाच. माझा हात शिवशिवायला लागला. शेवटी राहवेना. हिंदीत म्हटलं, "भाऊसाहेब, दोन थेंब पाणी टाका आणि पॅड उलटं करून ठेवा रात्रभर." त्यांनी वर पाहिलं. मी म्हटलं, "पोस्टात होते." त्या एका वाक्यावर त्यांनी खुर्ची मागवली. मागच्या रांगेला वाटलं, काकूंची तब्येत बिघडली.

मग त्यांनी माझा फॉर्म वाचला, दोनदा वाचला, उलटून मागची बाजू वाचली. चूक सापडेना. कर्तव्यदक्ष माणसाला त्याचा किती त्रास होतो ते मी ओळखून आहे. अखेर "दिन कितने?" एवढंच विचारून शिक्का मारला. हे पावती बघून हरखले. "अगं, २०८१ सालापर्यंत परवाना दिलाय! सत्तावन्न वर्षं!" नेपाळचा सरकारी कारभार विक्रम संवतावर चालतो, हे मी त्यांना रांगेपासून लांब नेऊन सांगितलं. घरच्या पंचांगात शके १९४६, मोबाइलवर २०२४, पावतीवर २०८१. शिवाय घड्याळही पंधरा मिनिटं पुढे करायचं. रक्तदाबाची गोळी जुन्या वेळेने घ्यायची की नव्या, यावर भैरहव्यापर्यंत चर्चा झाली.

पैशांत मात्र हे तरबेज निघाले. आपल्या शंभराचे नेपाळी एकशे साठ. दुकानदाराने किंमत सांगितली की हे लगेच विचारायचे, "आयसी की एनसी?" म्हणजे भारतीय की नेपाळी. एनसी म्हटलं की चेहरा खुलायचा, तोंडी भागाकार व्हायचा आणि नको असलेली वस्तू पिशवीत पडायची.

लुंबिनीला मायादेवी मंदिर आणि अशोकाचा स्तंभ मी शांतपणे पाहिला, कारण हे सोबत नव्हते. जपानी वास्तुरचनाकार केन्झो तांगे यांच्या १९७८ च्या आराखड्यात उद्यानाच्या मधोमध एक सरळसोट कालवा आहे, आणि हे त्याच्या काठावर उकिडवे बसून उतार मोजत होते. बुद्धाच्या जन्मस्थानी येऊन ह्यांनी मला सांगितलं ते इतकंच, की गाळ काढायला झालाय.

बुटवलपासून सिद्धार्थ राजमार्ग डोंगरात शिरतो. सोनौली ते पोखरा सुमारे १८० किलोमीटर, आणि त्यातला सरळ रस्ता तराईतच संपतो. वळणागणिक समोरून रंगीबेरंगी ट्रक, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. खंबाटकी घाट उतरताना सुविचार सांगणारा हा माणूस तिथे अवाक्षर बोलला नाही. पाल्पा जिल्ह्यातल्या तानसेनला पोचल्यावर वाचा फुटली, ती जेवणासाठी. डाळ, भात, गुंद्रुक, लोणचं. संपेल तसं पुन्हा वाढतात आणि जादा पैसे घेत नाहीत. एनसी की आयसी हा प्रश्नच उरला नाही, म्हणून हे चार वेळा जेवले.

पाल्पाचं ढाका कापड प्रसिद्ध. ह्यांनी त्याची टोपी घेतली आणि लगेच घातली. उभट चेहरा, पांढरी मिशी, वर ती टोपी. दुकानाबाहेर पडतोय तोच एका बाईंनी ह्यांना गाठून विचारलं, "दाइ, बसपार्क कता पर्‍यो?"

हे क्षणभरही थबकले नाहीत. हात लांब करून चक्क मराठीत म्हणाले, "हे असं खाली. पाणी जातं तिकडे."

बाई मान डोलावून उताराला लागल्या. "अहो, तुम्हाला काय माहीत?" मी हैराण.

"एवढ्या बस उभ्या करायला सपाटी लागते. डोंगरगावात सपाटी वर कुठून असणार?"

संध्याकाळी खाली गेलो, तर बसपार्क तिथेच. मग काय, पोखऱ्यात टोपी, फेवातालच्या होडीत टोपी, परतीच्या सगळ्या वळणांवर टोपी. सोनौलीच्या कमानीत जवानाने मला नुसत्या हाताच्या खुणेने पुढे सोडलं आणि ह्यांना बाजूला घेतलं.

"बाबूजी, आप इंडिया में कितने दिन रुकेंगे?"