'१००० वॉट'वाल्यांस खुले पत्र

प्रति,
झाडांच्या दिव्याच्या खोक्यावर '१००० वॉट' छापणारे श्रीयुत,



आपला एलईडी ग्रो लाइट वालीवला सुखरूप पोचला. माल कुठे धाडतोय याची आपल्याला कल्पना नसावी. हे औद्योगिक गाळ्यांचं गाव. इथे चहाच्या टपरीवरच्या दर तिसऱ्या माणसाच्या खिशात टेस्टर असतो. खालच्या गाळ्यातल्या वायरमनने चहा संपायच्या आत क्लॅम्प मीटर लावला: ०.२ अँपिअर. २३० व्होल्टने गुणा, ४६ वॉट. हजार वॉटला चार अँपिअरच्या वर लागतात.

तरी आपले उपकारच म्हणायचे. दिवा खरोखर हजार वॉटचा असता, तर रोजच्या चौदा तासांनी महिन्याला ४२० युनिट जळाले असते. आता विसाच्या आत भागतं. ४२० हा आकडा मात्र आपल्याला शोभला असता. कायद्यातलं ते कलम २०२४ पासून ३१८ झालं, पण लोकांच्या तोंडी जुनंच आहे.

हजार आले कुठून, तेही कळलं. दिव्यात चिप शंभर. प्रत्येकीची कागदावरची क्षमता दहा वॉट. केला गुणाकार! या हिशेबाने माझी स्कूटर कायम ताशी १२० नेच धावते, कारण काट्याखाली तेवढे आकडे छापलेत.

बरं, वॉट म्हणजे दिवा किती वीज खातो एवढंच. आपण ल्युमेनही छापलेत, पण ल्युमेन माणसाच्या डोळ्याच्या मापाने मोजतात आणि मेथीला डोळे नसतात. झाडाला हवे असतात पानावर पडणारे फोटॉन, ४०० ते ७०० नॅनोमीटरमधले. त्यांचं माप मायक्रोमोल, ते आपल्या खोक्यावर कुठेच नाही. आपल्या दिव्याला एका ज्यूलमागे दोन मायक्रोमोल देऊ, उदारपणेच. म्हणजे ४६ वॉटला सेकंदाला ९२. सगळे एका चौरस मीटरवर पडले, एकही भिंतीवर वाया गेला नाही असं धरलं, तरी ९२च. भर दुपारचं ऊन देतं २००० च्या आसपास. आणि आपण लिहिता, 'सूर्याला पर्याय'! रेल्वेपलीकडे पश्चिमेला वसईच्या वाड्यांमध्ये केळी आणि नागवेल उभी आहे; तिथल्या एखाद्या वाडीवाल्याला हे वाक्य वाचून दाखवा, आणि परतीच्या गाडीची वेळ आधी बघून ठेवा.

दिवा टाकाऊ आहे असं मी म्हणत नाही. इमारतीला इमारत खेटलेल्या आमच्या खोलीत कोवळी मेथी, कोथिंबीर त्यावर बरी येते. खोक्यावरच्या फोटोतले लालबुंद टोमॅटो मात्र त्या फोटोतच पिकतात. आपल्या दिव्याच्या जांभळ्या, हिरवा गाळलेल्या उजेडाचं कौतुकही आवरा. पान हिरवा उजेडही वापरतं, हे मॅकक्री या संशोधकाने १९७२ मध्येच मोजून दाखवलंय. त्या जांभळ्यात पिवळं पडलेलं पान ओळखू येत नाही, ही आपली खरी सोय.

तेव्हा पुढच्या खोक्यावर तीनच आकडे छापा: भिंतीच्या सॉकेटमधून ओढलेले खरे वॉट, सेकंदाला निघणारे एकूण मायक्रोमोल, आणि फूटभर उंचीवरून मधोमध व कोपऱ्यात किती पडतात ते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. हा आकडा खरा आहे.

वाचकहो, दिवा घेण्याआधी खरे वॉट लेखी मागा. दुकानदार देईना, तर दिवा घेऊ नका. घेऊन बसला असाल, तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

कळावे,
वालीवचा एक ग्राहक