चौकात आधी कोण?

डेव्हिस, कॅलिफोर्निया
कोजागिरीचा दुसरा दिवस

चि. बंडूस अनेक आशीर्वाद. वि. वि.

आम्ही उभयता इथे खुशाल आहोत. तुझ्या वहिनीचा गुडघा जबलपुरात दुखायचा तसाच इथेही दुखतो. त्याला अजून व्हिसाचं कौतुक नाही. कालची कोजागिरी साजरी झाली. चंद्र तोच होता, दूधही बरं होतं, पण चारोळी काही मिळाली नाही.

परवा फोनवर तू ओरडलास, "दादा, या वयात परमुलखात सायकल कसली चालवतोस? कुणी उडवलं म्हणजे?" त्याच वेळी तुझ्या मागे इतके हॉर्न वाजत होते की मला तुझीच काळजी वाटली. तू तिथल्या रसेल चौकातून स्कूटर हाकत फोनवर बोलत होतास, हे मला इथे बसून कळलं. म्हणून सविस्तर लिहितो. घरी जाऊन वाच.

हे गाव सॅक्रामेंटोच्या शेजारी. जमीन परातीसारखी सपाट, उन्हाळा आपल्यासारखाच चाळिशी गाठणारा, वस्ती सत्तर हजारांच्या आत. मधोमध विद्यापीठ. गावाच्या बोधचिन्हावर पुढचं चाक भलं मोठं आणि मागचं चिमुकलं अशी जुनी सायकल आहे. (आपल्या शहराचं बोधचिन्ह काढायचं झालं तर चौकात आडवी उभी असलेली ई-रिक्षा काढावी लागेल, असं तुझी वहिनी म्हणते.) इथे प्रोफेसर सायकलवर, पोरं सायकलवर, तान्ही बाळंसुद्धा मागच्या गाडीत बसून सायकलवर. मुलाने मलाही एक घेऊन दिली. तिला गिअर इतके आहेत की अर्धे मी अजून वापरले नाहीत. जबलपुरात मदनमहालचा चढ होता, इथे चढच नाही.

आता मुख्य मुद्दा, चौकाचा. वस्तीतल्या बऱ्याच चौकांत सिग्नल नसतो. चारही बाजूंना 'स्टॉप' लिहिलेली लाल अष्टकोनी पाटी असते आणि चारही बाजूंचे लोक खरोखर थांबतात. पोलीस नाही, शिट्टी नाही. जो आधी आला तो आधी जातो. दोघं एकदम आले तर उजवीकडचा आधी. गिरणीत दळणाचे डबे रांगेत लावून बायका घरी जातात आणि तरी कुणी कुणाचा नंबर मारत नाही, तसाच हा हिशोब, फक्त डब्यांना चाकं. सायकलवालाही त्या रांगेतला एक डबा. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात सायकलस्वाराला मोटारवाल्याचे सगळे हक्क आहेत आणि सगळी कर्तव्यंही. त्यामुळे रिकाम्या चौकातसुद्धा मी पाय टेकून थांबतो. झाडावरची खार माझ्याकडे बघते.

आयडाहो राज्यात 1982 पासून सायकलवाल्याला मुभा आहे : पाटीपाशी वेग कमी कर, दोन्हीकडे बघ आणि कुणी नसेल तर न थांबता जा. इथेही 2021 मध्ये विधिमंडळाने तसं विधेयक मंजूर केलं होतं, पण गव्हर्नर न्यूसम यांनी ते परत पाठवलं. तरी विद्यापीठातली पोरं थांबत नाहीतच. तेवढंच मला घरच्यासारखं वाटतं.

घोटाळा होतो तो सभ्यतेपायी. मला सायकलवर पाहिलं की मोटारवाला स्वतःचा नंबर असूनही हाताने "जा" म्हणतो. मी नियमाने थांबलेला, मी त्याला "तू जा" म्हणतो. तो हसतो, मी हसतो. लखनौच्या नवाबांची गाडी याच भानगडीत सुटली होती. तेवढ्यात तिसरा येतो आणि आम्हा दोघांना ओलांडून निघून जातो; तो नक्की आपल्या बाजूचा असणार. तुझ्या वहिनीचा प्रश्न वेगळा आहे. ती पायी असते आणि गाडी थांबवून हात करणाऱ्या प्रत्येकाला नमस्कार करते. एकदा एका बाईने काच खाली करून उलट नमस्कार केला. आता त्यांची चांगली ओळख आहे. शेपू कुठे मिळतो ते त्या बाईनेच सांगितलं.

झेब्रा क्रॉसिंगची गोष्ट आणखी मजेची. पायी माणूस पट्ट्यांवर आला की मोटारीने थांबायचं, हा कायदा. नुसते पट्टे नव्हेत, चौकात पट्टे रंगवलेले नसले तरी पायी माणसाचा हक्क धरलेलाच असतो. पण सायकलवर बसून तेच पट्टे ओलांडू लागलास की तू पादचारी राहत नाहीस. खाली उतर, सायकल हाताने ढकल, की झालास पादचारी, गाड्या थांबल्या. पुन्हा टांग टाकलीस की हक्क गेला. एक पाय पेडलवर आणि एक जमिनीवर अशा अवस्थेत मी कोण, हे मी मुलाला विचारलं. तो म्हणाला, "बाबा, तेव्हा तुम्ही आधी गाडीवाल्याच्या डोळ्यांकडे बघा." पुस्तकातल्या उत्तरापेक्षा हे मला पटलं.

एक सवलत मात्र झाली आहे. 2024 पासून, जिथे सायकलींसाठी वेगळा सिग्नल नाही तिथे पायी माणसाचं चिन्ह उजळलं की सायकलवाल्यानेही निघायला हरकत नाही. मोटारींच्या हिरव्या दिव्याआधी दोनचार सेकंद हे चिन्ह उजळेल अशी बऱ्याच ठिकाणी सोय असते. तेवढ्यात आपण चौकाच्या मध्यावर, सगळ्यांच्या नजरेसमोर. आपल्या तीन पत्ती चौकात दिवा हिरवा व्हायच्या दोनचार सेकंद आधी सगळेच निघतात, ते सोड.

विद्यापीठाच्या मध्यभागात मोटारींना बंदी, म्हणून तिथे सायकलींचेच गोल चौक आहेत. गोलात जो आहे त्याचा हक्क पहिला, बाहेरच्याने थांबायचं. सप्टेंबरअखेर वर्ग भरतात आणि नवी पोरं पहिल्यांदाच या गोलात शिरतात. अशा वेळी सीनियर मंडळी शेजारच्या हिरवळीवर खुर्च्या टाकून बसतात, कोण कुणावर आदळतं ते बघायला, अशी इथली जुनी परंपरा सांगतात. मला फार आवडली. आपल्या गोलबाजारात ही सोय बाराही महिने आहे, तिकीट लावलं तर नगर निगमचं कर्ज फिटेल.

एवढं वाचून तू म्हणशील, दादा स्वर्गात पोचला. तसं नाही. खरी भीती उजव्या वळणाची आहे. इथे वाहनं उजवीकडून चालतात आणि लाल दिव्यावरही थांबून उजवीकडे वळता येतं. वळणारा मोटारवाला डावीकडे मान करून गाड्यांमधली फट शोधत असतो; उजव्या कुशीला सायकल आली आहे हे त्याला दिसतच नाही. आणि पाठीमागून ओलांडून लगेच उजवीकडे वळणारा तर सरळ आडवाच येतो. परवा एका भल्या मोठ्या पिकअप गाडीने असंच केलं. मी ब्रेक लावला, ती निघून गेली, मी अस्सल जबलपुरीत दोन शब्द बोललो. शेजारून जाणाऱ्या गोऱ्या म्हाताऱ्याने मान डोलावली; त्याला सगळं कळलं. हक्क माझा होता, पण हाडंही माझीच होती. डेव्हिस हे बेट आहे रे. अख्ख्या अमेरिकेत 2022 साली हजारावर सायकलस्वार रस्त्यावर मेले.

म्हणून इथल्या लोकांनी माणसाच्या चांगुलपणावर फार भरवसा ठेवलेला नाही. रस्ताच असा बांधलाय की चुकणं अवघड जावं. बागांमधून जाणारी सायकलवाट मोठ्या रस्त्याखालून बोगद्याने निघते, हमरस्त्यावरून सायकलींचा पूल आहे. इथल्या रसेल आणि सायकामोर या रस्त्यांच्या चौकात सायकलींना स्वतःचा दिवा आहे, त्यात सायकलचं हिरवं चित्र लागतं. (नातू म्हणतो, आजोबा, तो तुमच्यासाठी लागला.) आणि 2015 मध्ये कोव्हेल रस्त्यावर डच धर्तीचा चौक झाला. त्याच्या कोपऱ्यांवर सिमेंटची बेटं आहेत. मोटारीला वळण आखूड घ्यावं लागतं, म्हणजे वेग आपोआप पडतो. आणि सायकलवाला पुढे उभा असल्यामुळे तो ड्रायव्हरच्या थेट काचेत दिसतो. बघायचं नाही म्हटलं तरी दिसतो.

शिवाय ओलांडताना सायकलपासून तीन फूट अंतर ठेवायचं, हा 2014 पासूनचा कायदा. तुझ्या वहिनीला सांगितलं तर म्हणाली, "तीन फूट? तेवढ्यात आपल्याकडे एक ऑटो, एक गाय आणि चाटवाला मावतो."

हे सगळं पाहताना मला सारखी आठवण येते ती जबलपुरातली व्हेइकल फॅक्टरी सुटायच्या वेळेची. आपण दिवसभर शक्तिमान ट्रक आणि जोंगा बनवायचो आणि घरी जायचो सायकलवर, हँडलला डबा अडकवून. भोंगा झाला की फाटकातून लोंढा निघायचा. जीसीएफ कारखान्याचे त्यात मिळायचे, खमरिया कारखान्याचे मिळायचे. रांझीपासून घमापूरपर्यंत रस्ता दिसायचा नाही, नुसत्या घंट्या. समोरून येणारा ट्रक बाजूला उभा राहायचा आणि ड्रायव्हर विडी पेटवायचा. त्याला कायदा ठाऊक होता म्हणून नव्हे. आम्ही संपत नव्हतो म्हणून. तेव्हा चौक आपला होता, बड्डे! कुणी रंग मारला नव्हता की पाटी लावली नव्हती.

मग मोटरसायकली आल्या, आणि त्या आपणच हौसेने घेतल्या. सायकल उरली ती पेपर टाकणाऱ्या पोराकडे, दूधवाल्याकडे, रात्रपाळीच्या चौकीदाराकडे आणि शाळेच्या मुलींकडे. लोंढा फुटला, एकेकटे राहिले. एकट्यासाठी ट्रक थांबत नाही. एकट्याला पांढरी रेषच लागते, आणि त्या रेषेला मान देणारा कुणीतरी.

इथेही रेषा आकाशातून पडली नाही. चाइल्ड नावाचे अर्थशास्त्राचे प्रोफेसर आणि त्यांची बायको साठच्या दशकात काही काळ हॉलंडमध्ये द हेगला राहून आले. तिथल्या सायकलवाटा पाहून परत आल्यावर त्यांनी नगरपरिषदेच्या मागे लकडा लावला. परिषदेने ऐकलं नाही. मग लोकांनी 1966 च्या निवडणुकीत परिषदच बदलली आणि 1967 मध्ये सायकलींच्या पट्ट्या आखल्या, अमेरिकेतल्या पहिल्या म्हणतात त्या. राज्याच्या कायद्यात अशी तरतूदच नव्हती, म्हणून कायदा दुरुस्त करावा लागला. त्यावर सही कोणाची, तर गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांची. पुढे राष्ट्राध्यक्ष झाले ते. गंमत म्हणजे, उभ्या मोटारींच्या आडोशाने जाणारी पट्टीही तेव्हा करून पाहिली होती. पण चौकाशी आल्यावर मोटारवाल्याला सायकल दिसेना, म्हणून ती सोडून दिली. आधी रंग, मग चूक दिसली की खोडून पुन्हा रंग. एवढंच शास्त्र.

तुला आता काम सांगतो. आपल्याकडे कायदा नाही असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस. मोटार वाहन चालवण्याच्या 2017 च्या नियमांत झेब्रावर पायी माणसाला आधी जाऊ द्यायला सांगितलं आहे. सायकलवाले, मुलं, म्हातारे यांना जपा असंही लिहिलं आहे. आणि 2022 या एका वर्षात देशाच्या रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली, त्यांत बत्तीस हजारांवर नुसती चालणारी होती. विनोबांनी आपल्या गावाला संस्कारधानी म्हटलं. चौकाचा विषय बहुधा त्यांच्यासमोर निघाला नसावा.

गोलबाजारात महाराष्ट्र शाळा सुटते तेव्हा पोरी सायकली घेऊन कडेला ताटकळत असतात. दत्तमंदिरात आरतीला येणारी मंडळी आहेत, गणेशोत्सवाची वर्गणी तर तू दरडावून वसूल करतोस. तोच आवाज लावून सह्या घे. एक अर्ज नगर निगमला, एक वाहतूक पोलिसांना. मागणं थोडकं ठेव : शाळेसमोर झेब्रा, त्याच्या अलीकडे थांबण्याची रेष आणि झेब्रापासून वीस फुटांत कुणाची गाडी उभी नको, म्हणजे पोरी दिसतील. कॅलिफोर्नियात हा वीस फुटांचा नियम आला आणि 2025 पासून त्याचा दंडही होतो. अर्ज हिंदीत लिही, तुझ्या मराठीतल्या ऱ्हस्व-दीर्घावर ते अडतील.

पोच घेतल्याशिवाय परत येऊ नकोस. पुन्हा पुन्हा जा. प्रोफेसरालासुद्धा पहिल्या फेरीत कुणी विचारलं नव्हतं. आणि अर्ज मंजूर होईपर्यंत, तू स्वतः स्कूटर पांढऱ्या रेषेच्या अलीकडे थांबव. जिथे रेष पुसली आहे तिथे होती असं समजून थांबव. मागचे हॉर्न वाजवतील, वाजवू दे.

तुझ्या सौ.ला आणि मुलांना आशीर्वाद. दिवाळीला कुणी येणार असेल तर चारोळी पाठव.

तुझा,
दादा