पक्षीमित्र

लालबाग-परळच्या दर चाळीत एक पक्षीमित्र असतोच. गिरणीच्या भोंग्यावर वाढल्यामुळे पहाटे पाचला आपोआप जागा होणारा. आता भोंगा उरला नाही, म्हणून स्वतःच सगळ्यांना उठवणारा.

आमच्या मजल्यावरच्या पक्षीमित्राचा वेश ठरलेला. खिसेच खिसे असलेलं जाकीट, चोरबाजारातली दुर्बीण (उजव्या डोळ्याला पक्षी, डाव्याला धुकं) आणि बगलेत सलीम अलींचं पुस्तक. सलीम अली १८९६ साली जन्मले, गिरगावात खेतवाडीत वाढले, हे तो अशा सुरात सांगतो, जणू त्यांच्या घरातली वाटीभर साखर अजून परत करायची राहिलीय.

नोव्हेंबर ते मे त्याचा मुक्काम शिवडीच्या जेट्टीवर. रोहित पक्षी कच्छकडून येतात, चिखलात चोच उलटी घालून शेवाळ गाळून खातात आणि त्यानेच गुलाबी होतात, हे एव्हाना आमच्या पोरांनाही पाठ झालंय.

गेल्या मे महिन्यात पौर्णिमेला त्याने अर्धी चाळ शिवडीला नेली. सूर्य उगवला. समोर चिखलच चिखल आणि पार लांब एक गुलाबी रेघ.

"अठरा हजार आहेत!"

"मोजले कसे?"

"पाय मोजायचे. एका पायावर उभे राहतात, भागायची भानगड नाही."

जेट्टीवरची कोळीण हसली. "काका, आज पुनव. सकाळी सुकती, भरती दुपारी बाराला. पाखरं पाण्याबरोबर येतात. तू पाण्याला न विचारता आलास?"

इतक्यात घरून वहिनींचा फोन. "अहो, तुतारी आली का?"

काठावर एक चिमुकला पक्षी शेपूट हलवत फिरत होता. पक्षीमित्र उजळला. "आली, आली! अगदी समोर आहे. चिखलात किडे टिपतेय!"

पलीकडे बराच वेळ शांतता. वहिनींचा भाऊ सावंतवाडीहून तुतारी एक्सप्रेसने दादरला उतरून, खांद्यावर फणस घेऊन, तासभर फलाटावर उभा होता. तोही बहुधा एका पायावर.

तेव्हा रोहित बघायचे असतील तर तिथीची पाऊणपट करा. ती साधारण भरतीची वेळ. पाणी ओसरू लागलं की शिवडीला पोचा. आणि निघण्याआधी घरात विचारून घ्या, आज गाडीने कोणी येणार आहे का?