डेमो सर

एप्रिल लागला की बल्लारपुरात दोन गोष्टी गळ्याशी येतात, ऊन आणि टाय. ऊन सगळ्यांच्या, टाय एकट्या डेमो सरांच्या. पारा 45च्या वर, रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, अशा भर दुपारी हा गृहस्थ मरून रंगाचा टाय आवळून, डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळून, स्कूटीवर पायापाशी फाइल उभी ठेवून कुठल्यातरी मिशनच्या शाळेच्या फाटकाशी पोहोचलेला असतो. फाटकाच्या अलीकडे कडुनिंबाखाली दुपट्टा डिक्कीत जातो, कंगवा बाहेर येतो, टायची गाठ वर सरकते. मग पहिला नमस्कार वॉचमनला. ‘‘निम्मा इंटरव्ह्यू वॉचमनपाशीच होते, भाऊ,’’ असं त्यांचं मत आहे आणि त्या विषयात त्यांच्या मताला वजन आहे.

माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे, म्हणून हे सगळं मला माहीत. सरांचं खरं नाव माझ्या मशीनच्या काचेवर इतक्या वेळा पालथं पडलंय, की ते मी झोपेतही टाइप करीन. गावात मात्र ते कोणी घेत नाही. बी.एस्सी., बी.एड. झाल्यापासून त्यांनी शिकवलं कमी आणि नमुना पाठ दिले जास्त. म्हणून डेमो सर. त्यांच्या आईलासुद्धा फोनवर बहिणीला सांगताना ऐकलंय, ‘‘आमचा डेमोले गेला आहे.’’ दुसऱ्यांची मुलं ड्यूटीला जातात, त्याच सुरात.

वडील पेपर मिलमधून रिटायर झालेले. मिल 1945 सालची. गडचिरोलीच्या जंगलातला बांबू एका बाजूनं आत जायचा आणि दुसऱ्या बाजूनं कागद होऊन बाहेर पडायचा. त्यातल्या काही रिमांचं पुढं काय झालं, ते मी रोज पाहतोच आहे.

आता तुम्ही म्हणाल, कॅथलिक शाळाच कशाला? सरांच्या घरी तुकडोजी महाराजांचा फोटो, वडिलांची संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना कधी चुकत नाही. पण कारण सरळ आहे. 2012 मध्ये सरकारनं शिक्षकभरती थांबवली, तेव्हा सरांच्या बी.एड.च्या मार्कशीटवरची शाई ओली होती. पुढच्या वर्षी टीईटी ही पात्रता परीक्षा आली. मग अभियोग्यता चाचणी आली. ती झाली 2017च्या डिसेंबरात आणि त्यानंतर थेट 2023 मध्ये. एवढ्या अंतरात माणसाचं लग्न होऊन पोरगं केजीत जातं. सरांचं गेलंही. भरतीसाठी पवित्र पोर्टल निघालं, तेव्हा पसंतिक्रम भरायला सर अंघोळ करून बसायचे. पोर्टलनं काही ते मनावर घेतलं नाही.

राहिल्या खासगी अनुदानित संस्था. त्यांतल्या काहींत जागा निघाली की मुलाखतीत प्रश्न विचारत नाहीत, आकडा सांगतात. सरांच्या वडिलांची ग्रॅच्युइटी त्या आकड्याच्या अर्ध्यातही पोहोचत नव्हती. ‘‘मिशनवाले चहा पाजते, बिस्किट देते अन् नाही म्हणते,’’ सर सांगतात, ‘‘पण आकडा नाही सांगत जी.’’ वर्षानुवर्षं नकार पचवायला एवढं कारण मला पुरेसं वाटतं.

तसं आमच्या विदर्भात कॉन्व्हेंटांना तोटा नाही. कुठलीही इंग्रजी बालवाडी म्हणजे कॉन्व्हेंटच. मग तिच्या नावात साईबाबा असोत की गजानन महाराज. अशा कॉन्व्हेंटांतून सर शिकवून आलेत. एकीच्या मालकांचं किराण्याचं दुकान होतं, तिथं अर्धा पगार तूरडाळीत वळता व्हायचा. तेव्हापासून त्यांनी ठरवलं, आता जिथं खरोखरचा क्रूस असेल तिथंच अर्ज.

आणि ठरवलं म्हणजे अभ्यासाला लागले. चांदा धर्मप्रांताचं सेंट थॉमस कॅथेड्रल आपल्या बल्लारपुरात आहे, हे निम्म्या गावाला ठाऊक नसेल; सरांना त्याचा सातबारा पाठ आहे. 1962 मध्ये हा मुलूख केरळच्या सिरो-मलबार चर्चकडे सोपवला गेला, सीएमआय संघाचे फादर आले, 1977 मध्ये पूर्ण धर्मप्रांताचा दर्जा मिळाला, 1999 मध्ये आदिलाबाद वेगळं निघालं. नागपूरचा आर्चडायोसिस मात्र लॅटिन, ते प्रकरण निराळं. सेंट थॉमसवर तर त्यांचा विशेष जीव. 3 जुलैला त्याचा सण असतो. ‘‘येशूच्या जखमा सोता बोटानं पाहिल्याशिवाय यानं भरवसा नाही ठेवला, भाऊ. म्हणजे ओरिजनल पाहिल्याबिगर झेरॉक्स न मानणारा माणूस!’’ माझ्या धंद्याच्या दृष्टीनं हा संत जरा अडचणीचाच.

तुम्ही-आम्ही सगळ्या सिस्टरांना सारख्याच समजतो. सर लांबून झग्याचा रंग आणि डोक्यावरच्या वस्त्राची किनार पाहून संघाचं नाव सांगतात. कुठल्या फादरांची बदली झाली, नवे मॅनेजर कोण, त्यांना गणित आवडतं की फुटबॉल, ही बातमी त्यांच्याकडे आधी येते. रविवारी सकाळी ते गावच्या बल्लारशा स्टेशनवर इंग्रजी ‘हितवाद’ घ्यायला जातात आणि भिंतीवरच्या वाघांच्या चित्रांखाली उभं राहून जाहिराती वाचतात. हीच चित्रं पाहून रेल्वेनं 2018 मध्ये चंद्रपूर आणि बल्लारशाला सुशोभीकरणाचा पहिला नंबर दिला होता. वाघ भिंतीवरून पाहतोय आणि खाली सर ‘वॉन्टेड’ शोधताहेत.

जाहिरात सापडली की दहा वाजता माझ्या दुकानात. तिथं त्यांचा दरबार भरतो. नव्यानं डी.एड., बी.एड. झालेली पोरं-पोरी आधीच येऊन बसलेली.

‘‘सर, वर रिस्पेक्टेड मॅडम लिहू?’’

‘‘सिस्टरले सिस्टर लिहाचं. मॅडम नाही. अन् मदर तर त्यायनं सांगितल्याशिवाय बिलकुल नाही.’’

‘‘पण सर, घेते तर त्यायचेच लोक ना?’’ असा फुरंगटलेला सूर कोणी काढला, तर सर खुर्ची पुढं ओढतात. ‘‘राज्यघटनेचं कलम 30 वाचलं काय? अल्पसंख्याकांनी आपली शाळा काढावी अन् आपण चालवावी. घर त्यायचं, पहिलं ताट त्यायच्या पोराले. पण पंगत मोठी आहे ना बाबू! स्टाफरूममध्ये जाऊन पाय, सगळ्या धर्माचे मास्तर बसले आहेत.’’ स्वतः पंगतीबाहेर इतकी वर्षं ताटकळलेला माणूस हे इतक्या शांतपणे सांगतो, याचं मला अजून नवल वाटतं.

एवढं ज्ञान असूनही पहिला छापील फॉर्म त्यांच्याकडून बिघडला तो बिघडलाच. पाळकांचं शिफारसपत्र, मेडिकल फिटनेस, मुलांच्या सुरक्षिततेचं हमीपत्र, सगळं जोडलं. पण आत एक रकाना होता, ‘पॅरिश’. सरांनी लिहिलं, टेकडी विभाग. त्याखाली ‘राइट’ असा रकाना. तिथं लॅटिन की सिरो-मलबार एवढंच लिहायचं असतं. सरांना वाटलं, फळ्यावर लिहिण्याच्या दृष्टीनं विचारताहेत. त्यांनी लिहिलं, उजवा.

दुसरा घोटाळा अति तयारीनं झाला. सीएमआय संघाच्या संस्थापकांपैकी एक कुरियाकोस चावरा. 1831 मध्ये केरळात मन्नानमला त्यांनी इतरांसोबत संघाची सुरुवात केली, 1864 मध्ये प्रत्येक चर्चला शाळा जोडा असा आदेश काढला, 2014 मध्ये ते संत म्हणून घोषित झाले. सरांनी यावर तीन मिनिटांचं इंग्रजी भाषण बसवलं. उत्तम बसलं होतं. दुकानात ऐकून ऐकून मलाही पाठ झालं. नागपूरच्या बाजूला एका मुलाखतीत ‘टेल अस अबाउट युवरसेल्फ’ म्हटल्याबरोबर सरांनी स्वतःला बाजूला ठेवून चावरांना पुढं केलं. समोरचे फादर शेवटपर्यंत मन लावून ऐकत होते. मग पाणी पुढं सरकवून म्हणाले, ‘‘व्हेरी गुड. आमचे संत फ्रान्सिस डी सेल्स.’’

भाषेचाही प्रयोग झाला. सिस्टर बहुतेक केरळच्या, तेव्हा दोन शब्द त्यांच्या बोलीत टाकले तर जवळीक वाटेल, असा हिशेब. एका मल्याळी नर्सबाईंकडून ‘सुखमाणो’ एवढा एक शब्द मिळवला. कसे आहात, बरं आहे ना, असा अर्थ. चार दिवस तो घोळवला. ऑफिसात शिरले, हात जोडले आणि थेट केरळी हेल काढून म्हणाले, ‘‘सुखमाणो, सिस्टर?’’

सिस्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. ‘‘मी कुरखेड्याची आहो जी. बसा ना, काहून उभे आहा?’’

खरी गंमत डेमोची. सरांचा पाठ एकच, जलचक्र. वरोऱ्यापासून आलापल्लीपर्यंत कितीतरी फळ्यांवर त्यांनी तोच समुद्र, तोच डोंगर आणि तेच तीन ढग काढले आहेत. पंधरा मिनिटं, सुईच्या टोकावर बसवलेली. निळा खडू स्वतःचा. ‘एव्हॅपोरेशन’ म्हणताना दोन्ही हात हळूहळू वर, ‘प्रेसिपिटेशन’ला बोटं थरथरवत खाली. मे महिन्यात शाळेला सुट्टी, त्यामुळे वर्गात पोरं नसतात. बाकांवर मॅनेजर फादर, दोन सिस्टर, एखादी सीनियर टीचर, आणि त्यांनाच सहावीचा वर्ग समजायचं. वर्ग आवरता येतो का, हे पाहायला ही मंडळी मुद्दाम खोड्या काढतात.

गेल्या मेमध्ये असाच वर्ग भरला. सरांचा समुद्र तापून वाफ वर निघाली होती, तेवढ्यात शेवटच्या बाकावरून पांढऱ्या केसांच्या सिस्टरांनी करंगळी वर केली. ‘‘सर, मे आय गो टू द टॉयलेट?’’

सर म्हणाले, ‘‘येस सिस्टर. सॉरी, नो. सॉरी, बेटा. सॉरी, सिस्टर.’’

इकडे फादरांनी शेजारच्या टीचरची पेन्सिल पळवली. टीचर लगेच उठून उभ्या, ‘‘सर, इसने मेरी पेन्सिल ली!’’ आता दुसरा कोणी असता तर पेन्सिल परत कर म्हणाला असता. सरांनी खिशातला स्वतःचा पेन काढून फादरांसमोर अदबीनं ठेवला. पंखा लाइट गेल्यामुळे बंद होता. बाष्पीभवनाचं जे चित्र फळ्यावर होतं, त्याचं प्रात्यक्षिक सरांच्या शर्टावर चालू होतं, टायसकट. तरी त्यांनी ढग पूर्ण केले, पाऊस पाडला, नदी समुद्राला मिळवली, फळा पुसला आणि ठरल्याप्रमाणे म्हणाले, ‘‘थँक यू.’’ समोरून ठरल्याप्रमाणे आलं, ‘‘थँक यू, सर. वी विल लेट यू नो.’’

हे वाक्य त्यांनी इतक्या ठिकाणी ऐकलंय, की त्याच्या स्वरावरून ते निकाल ओळखतात. ‘नो’ लांबला तर नाही. आखूड तुटला तर विचार चालू आहे. या वेळी तो आखूड तुटला होता, पण सरांना त्याचं फारसं काही वाटलं नाही. घरी येऊन टाय धुतला.

आठ दिवसांनी फोन आला, तेव्हा सर माझ्याच दुकानात दुसऱ्या एका अर्जाला फोटो चिकटवत होते. पलीकडून विचारलं, केव्हापासून जॉइन होऊ शकाल? सरांच्या वहीत मुलाखतीच्या संभाव्य प्रश्नांची उत्तरं पानंच्या पानं लिहिलेली आहेत. हा प्रश्न त्यांत नव्हता. त्यांनी फोनवर हात ठेवला आणि मला विचारलं, ‘‘काय सांगू जी?’’ मी म्हटलं, लवकरात लवकर म्हणा. त्यांनी ते सांगितलं. फोन ठेवला आणि समोर बसलेल्या पोरांना म्हणाले, ‘‘लिहून घ्या रे, हाही विचारते बरं.’’ मग फोटो नीट दाबून तो दुसरा अर्जही पूर्ण केला. मी झेरॉक्सचे घेतलेले दोन रुपये परत देऊ लागलो, तर घेईनात.

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात. पहिल्या दिवशी सर गेले ते पेढे वाटतच. माझी पुतणी त्याच शाळेत सहावीत आहे, म्हणून पुढचं कळलं.

सरांचा पहिलाच तास सायन्सचा. वर्ग भरलेला, पोरं खरीखुरी. सरांनी खिशातून निळा खडू काढला. समुद्र झाला, डोंगर झाला, तीन ढग झाले. पुतणी सांगते, इतकं भारी आजवर कोणी शिकवलं नव्हतं. बोटं थरथरवून पाऊस पाडला तेव्हा शेवटच्या बाकावरच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. पंधराव्या मिनिटाला नदी समुद्राला मिळाली. सरांनी फळा पुसला, खडू खिशात टाकला, ‘‘थँक यू’’ म्हणून सगळ्यांना नमस्कार केला आणि फाइल उचलून दाराशी जाऊन थांबले.

वर्गात कोणी काहीच बोलेना. शेवटी मॉनिटर उभी राहिली. ‘‘सर, पीरियड अभी बाकी है.’’