७२७ घोड्यांची एकादशी

सकाळी साडेसहाला साडूंचा फोन आला की दोनच शक्यता असतात. एक तर कुणीतरी गेलेलं असतं, नाहीतर साडूंनी काहीतरी घेतलेलं असतं. "गाडी आली," ते म्हणाले. कुणी गेलं नाही याचा आनंद मी पुरेसा दाखवला आणि गाडी म्हटल्यावर आपल्या तोंडून जो प्रश्न आपोआप बाहेर पडतो, तोच विचारला.

"किती देते?"

"एकोणसाठ."

मी अंथरुणात उठून बसलो. माझी स्कूटर, हवा नीट भरलेली असली आणि मागे बायको नसली, तर पंचेचाळीस देते. "लिटरला एकोणसाठ?" "लिटरला. जर्मन माणसांनी मोजलेलं आहे," साडू म्हणाले. "तुम्ही दोघं आठपर्यंत या. लोणावळ्याला जाऊ. आज एकादशी आहे, ताईने खिचडी केलीय."

साडूंचा भोसरीला नट-बोल्टांचा कारखाना आहे. बोलण्यातही ते आटे घट्ट बसवतात, त्यामुळे मी वाद घातला नाही. बाणेरला त्यांच्या टॉवरच्या तळघरात पोचलो तर बीएमडब्ल्यू एम५ उभी. ही पिढी भारतात नोव्हेंबर २०२४ मध्ये आली तेव्हा शोरूममधली किंमत एक कोटी ९९ लाख होती. चपलेच्या दुकानात असते तशी. दोन कोटी म्हटलं असतं तर गिऱ्हाईक बिचकलं असतं. आरटीओचा कर वेगळा. महाराष्ट्रात एका मोटारीवर जास्तीत जास्त २० लाख कर घेत असत, २०२५ च्या अर्थसंकल्पात ती मर्यादा ३० लाखांवर नेली. सरकारने इतक्या प्रेमाने आठवण ठेवावी अशी माणसं राज्यात थोडी, आणि त्यांतले एक आमचे साडू.

बोनेटखाली ४.४ लिटरचं आठ सिलिंडरांचं इंजिन, त्याचे ५८५ घोडे. गिअरबॉक्समध्ये विजेची मोटर, तिचे १९७. बेरीज ७८२ होते, पण कंपनी ७२७ सांगते, कारण दोघांचा पूर्ण जोर एकाच क्षणी लागत नाही. दोन जावा स्वतंत्र घरात जितकं काम करतात तितकं एका स्वयंपाकघरात होत नाही, तसलाच हा प्रकार असावा. तरीही ७२७ म्हणजे ५० एचपीचे चौदा ट्रॅक्टर होऊन वर थोडे उरतात. वजन २४ क्विंटलांच्या वर, मागच्या पिढीपेक्षा साधारण पाच क्विंटल जास्त. आधीच्या एम५मध्ये ज्वारीची पाच पोती टाकली की ही गाडी तयार होते.

"आणि ही एकोणसाठ देते," मी म्हणालो.

"कागद आहे," साडू म्हणाले.

कागद खरोखर होता. युरोपातल्या चाचणीप्रमाणे १०० किलोमीटरला १.७ लिटर. भागाकार करून पाहिला, ५८.८ आला. साडूंनी व्यवहारी माणसासारखं वर पूर्ण केलं होतं. पण त्याच कागदावर खाली, जिथे आपण विम्याच्या अटी वाचत नाही तिथे, बॅटरी उतरलेली असताना १०० किलोमीटरला १०.३ लिटर असं लिहिलेलं होतं. म्हणजे लिटरला जेमतेम पावणेदहा. एकच गाडी, एकच कागद. वरच्या ओळीत स्कूटर आणि खालच्या ओळीत टेम्पो.

याचा उलगडा मला ताईंच्या डब्याने केला. मागच्या सीटवर त्या मांडीवर डबा घेऊन बसल्या होत्या: साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, भगर, दाण्याची आमटी, रताळ्याच्या फोडी, राजगिऱ्याचे लाडू, शिवाय वाटेत तोंडात टाकायला वेफर्स. एकादशी आणि दुप्पट खाशी म्हणतात ते हेच. कागदावर मात्र उपवास.

प्लग-इन हायब्रिडचा सगळा हिशेब या उपवासावर चालतो. चाचणी करणारे गाडी एकदा भरल्या बॅटरीवर चालवतात, एकदा उतरलेल्या बॅटरीवर, आणि मग दोन्हींची सरासरी काढताना एक गृहीत धरतात की मालक सज्जन आहे. तो रोज रात्री न चुकता गाडी चार्जिंगला लावेल आणि रोजचा बहुतेक प्रवास विजेवरच करेल. गाडी विजेवर जितकी लांब जाते तितका मालकाचा सज्जनपणा जास्त धरतात. एम५ची बॅटरी १८.६ युनिटांची आहे, विजेवर ती ६९ किलोमीटरपर्यंत जाते असं कंपनी सांगते. तेव्हा तिचा मालक जवळजवळ वारकरीच.

पुढे युरोपीय आयोगाला या भक्तांचा संशय आला. गाड्यांच्या आतच इंधन मोजणारी यंत्रणा बसवलेली असते, तिची नोंद त्यांनी गोळा केली. २०२४ मध्ये अहवाल आला. साध्या पेट्रोल-डिझेल गाड्या प्रयोगशाळेतल्या आकड्यापेक्षा सुमारे २० टक्के जास्त कार्बन सोडत होत्या, ते एक वेळ समजण्यासारखं आहे. प्लग-इन हायब्रिड मात्र सरासरी साडेतीन पट! लोक गृहीत धरलं होतं तितकं चार्जिंगला लावतच नव्हते. ब्रिटनमध्ये तर २०१८ मध्येच बातमी आली होती की कंपन्यांनी करसवलतीसाठी घेतलेल्या अशा कित्येक गाड्यांच्या डिकीत चार्जिंगची केबल वेष्टनासकट तशीच पडलेली असते. जर्मनीतही कंपनीच्या गाडीवर कर्मचाऱ्याला आयकर पडतो, आणि गाडीला प्लग असेल व अटी पुऱ्या होत असतील तर तो निम्म्या किमतीवर मोजतात. प्लग वापरला की नाही हे कोण बघतो? उपवास किती जणांनी धरला ते सांगता येतं, खिचडी किती वाट्या गेली हे कुठलंच पंचांग सांगत नाही.

गोऱ्या माणसाने केबलचं प्लास्टिक काढलं नाही हे वाचून मला एकदम त्याच्याबद्दल आपुलकी वाटली. आमच्या घरात टीव्हीचा रिमोट अकरा वर्षं पिशवीत आहे. आणि साडूंच्या या गाडीत सीटवरची प्लास्टिकची कव्हरं तशीच होती. बसलं की कर्रकर्र वाजायचं. "काढू देत नाही ही," साडू आरशातून मागे बघत म्हणाले. "दसऱ्याला काढू," ताई म्हणाल्या. दसऱ्याला तीन महिने होते.

केबलसुद्धा डिकीत, सीलबंद. पण यात साडूंचा दोष नाही. तळघरातल्या त्यांच्या जागेवर पंधरा अँपिअरचा एक सॉकेट आहे. त्यावर ही बॅटरी शून्यापासून भरणं म्हणजे रात्रभराचा मामला. सॉकेट मात्र सोसायटीच्या कॉमन मीटरवर. गाडी यायच्या आधीच साडूंनी अर्ज केला होता. कमिटीची बैठक झाली, उपसमिती नेमली. नवव्या मजल्यावरच्या निवृत्त इंजिनिअर सभासदांनी विचारलं की एका गाडीमुळे लिफ्ट बंद पडली तर जबाबदार कोण. सब-मीटर कुणाच्या नावावर, त्याचं रीडिंग कोण घेणार, वॉचमन घेणार असेल तर त्याला भत्ता कुठल्या खात्यातून, असं सगळं निघालं. एका आजोबांनी तर १९९८ मधल्या पाण्याच्या पंपाचा विषय काढला. बाकी कुणालाच तो पंप आठवत नव्हता, तरी त्यावर वीस मिनिटं गेली. शेवटी ठरलं की विषय वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा. ती सप्टेंबरात. तोवर शोरूमवाल्यांनी भरून दिलेली वीज हीच साडूंची पुंजी. त्यातली बरीचशी आदल्या संध्याकाळी नातेवाइकांना बाणेरमध्ये तीन चकरा मारून दाखवण्यात खर्ची पडली होती.

निघालो ते विजेवर. विजेवर ही गाडी १४० पर्यंत पळू शकते, आम्ही बाणेर रस्त्याने अकराच्या वेगाने चाललो होतो. आवाज अजिबात नाही. पुण्यात रस्ता ओलांडणारा माणूस कानाने ओलांडतो, डोळे मोबाईलमध्ये असतात. अडीच टनांची वस्तू मांजरासारखी मागे येऊन उभी राहिली तरी त्याला पत्ता नाही. साडूंना हॉर्न वाजवायचा संकोच, कारण दोन कोटींच्या गाडीने हॉर्न वाजवणं म्हणजे शालू नेसून भाजीवाल्याशी भांडणं. शेवटी काच खाली करून ते म्हणाले, "अहो काका, जरा सरता का?" काकांनी आधी गाडी पाहिली, मग साडूंना पाहिलं, आणि कोपऱ्यातल्या चहावाल्याकडे वळून म्हणाले, "बंद पडली वाटतं."

एक्सप्रेसवेला लागलो. टोलनाक्यावर पुढे एक इलेक्ट्रिक नेक्सॉन होती, हिरव्या पाटीची. राज्याच्या २०२५ च्या धोरणात या रस्त्यावर निव्वळ बॅटरीवरच्या मोटारींना टोलमाफी आहे. आमची पाटी पांढरी. आम्हीसुद्धा या घडीला विजेवरच चाललोय हे साडूंना कुणाला तरी सांगायचं होतं, पण फास्टॅगने ऐकून घेतलं नाही.

"आता बघा," साडू म्हणाले. स्टिअरिंगवर दोन लाल बटणं आहेत, शिवाय हायब्रिड, इलेक्ट्रिक, ई-कंट्रोल, डायनॅमिक, डायनॅमिक प्लस अशा पाच तऱ्हा. साडूंनी एक बटण दाबलं आणि पाय दिला.

शून्य ते शंभर साडेतीन सेकंद, असं कागदावर आहे. आम्ही चाळीसवर होतो, म्हणजे त्याहूनही कमी वेळ लागला असणार. मला मोजता आलं नाही, कारण माझा चष्मा कपाळावर गेला होता. आठ सिलिंडर एकदम जागे झाले. तालमीत झोपलेल्या पैलवानाच्या अंगावर कुणी थंड पाण्याची घागर ओतावी आणि तो "कोण आहे रे!" म्हणत उठावा, तसा आवाज. मागून बायकोने "भावोजी!" अशी हाक मारली, ताईंनी विठ्ठलाला मारली, आणि डब्याचं झाकण उडून साबुदाण्याचा सडा मागच्या सीटवर पसरला.

आणि मग संपलं. काटा शंभरवर आला आणि साडूंनी पाय काढला. या रस्त्याची मर्यादा मोटारींना शंभर, घाटात त्याहून कमी, आणि डोक्यावर कमानींत कॅमेरे. एक कोटी ९९ लाखांची करामत साडेतीन सेकंदांच्या आतच आटोपली. उरलेला पाऊण तास आम्ही वॅगनआरच्या मागे, वॅगनआरच्या वेगाने गेलो. सपाट रस्त्यावर शंभरचा वेग नुसता टिकवायला साधारण पंचवीस-तीस घोडे पुरतात. धरा सत्तावीस. बाकीचे सातशे मस्टरवर सह्या करून बोनेटखाली पत्ते कुटत बसलेले. महिनाअखेरीला पगार मात्र सगळ्यांना.

मागे ताई शांतपणे सीटच्या प्लास्टिकवरची खिचडी गोळा करत होत्या. एक दाणा चामड्याला लागला नव्हता. "बघितलंत? म्हणून काढू देत नव्हते," त्या म्हणाल्या. साडू काही बोलले नाहीत. मीही बोललो नाही. प्लास्टिक जिंकलं होतं.

कार्ल्याच्या आसपास बॅटरीचा आकडा शून्याजवळ आला. लोणावळ्यात एका हॉटेलच्या आवारात चार्जर दिसला तशी साडूंना आशा वाटली. मघाची नेक्सॉन तिथे आधीच लावलेली. जाड काळी केबल आमच्या गाडीपाशी आणून साडूंनी झाकण उघडलं, आणि ती बसेना. सरळ लावून पाहिली, तिरकी करून पाहिली. आयुष्यभर नट-बोल्ट केलेला माणूस, त्याला आटे न जुळण्याचं दुःख सगळ्यात जास्त. नेक्सॉनवाला तरुण होता, सभ्य होता. "काका, हा डीसी आहे, फास्टवाला. तुमची एसीच घेते. घरी लावा रात्री." मग जरा थांबून, आदराने, "केवढ्याला पडली?" साडूंनी सांगितलं. "ऑन रोड?" त्याने विचारलं. साडू म्हणाले, "खिचडी घेणार का थोडी?"

गाडी फक्त एसी चार्जिंग घेते हे माहितीपुस्तकात स्पष्ट लिहिलेलं होतं. माहितीपुस्तक ग्लोव्ह बॉक्समध्ये होतं, प्लास्टिकमध्ये.

लाडू खाताना साडूंचा बचाव करायची मला जबाबदारी वाटली. मी म्हणालो, त्यातल्या त्यात तुमचं बरं आहे, ६९ किलोमीटर तरी आहेत. मर्सिडीजच्या एएमजी घराण्यातली सी ६३ हिच्याच आगेमागे भारतात आली, एक कोटी ९५ लाखांना. चार सिलिंडरांचं दोन लिटरचं इंजिन, विजेची मोटर, मिळून ६८० घोडे. विजेवर १३ किलोमीटर. कोथरूडहून निघालात तर हडपसर यायच्या आधीच उपवास सुटला. "त्याला उपवास नाही म्हणत," ताई म्हणाल्या. "दोन जेवणांमधलं अंतर म्हणतात."

परतीचा सगळा रस्ता पेट्रोलवर. साडू बोलत नव्हते. मधल्या पडद्यावर सरासरीचा आकडा होता. साडू अधूनमधून तिथे रुमाल फिरवायचे, जणू धुळीमुळे नऊ दिसतोय. किवळे ओलांडलं आणि बायकोने मागून निरागसपणे विचारलं, "भावोजी, ते एकोणसाठ कुठे दिसतं?"

"ते कागदावर असतं," मी तिला सांगितलं. साडूंनी गाणी लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला पुन्हा फोन. मी आधी विचारलं, "सगळे बरे आहेत ना?"

"आज द्वादशी," साडू म्हणाले. "पारणं करतोय. पंपावर उभा आहे. टाकी साठ लिटरची आहे, फुल्ल करा म्हटलंय." मागे पंपाचा आकडा फिरल्याची टिकटिक ऐकू येत होती, बराच वेळ. मग पंपावरच्या पोराचा आवाज आला, सकाळच्या वेळी असतो तसा ताजातवाना:

"साहेब, काय ॲव्हरेज देते हो ही?"

फोन कट झाला.